आधी रीसेट नको

ठरलेल्या वेळी दिवा लागला नाही की स्मार्ट यंत्रणा बसवून देणारी बहुतेक मंडळी एकच सल्ला देतात: रीसेट मारा, ॲप काढून परत टाका. या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. रीसेटनंतर दिवा थोडे दिवस नीट चालतो, पण बिघाडाचा मागही त्याच्याबरोबर पुसला जातो. पुढे तीच तक्रार पुन्हा येते आणि तेव्हा हातात काहीच नसतं.

आधी एवढंच विचारायचं: आदेश निघाला का, दिव्यापर्यंत पोचला का आणि दिव्याने तो पाळला का? तिन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा यंत्रणेच्या नोंदींतच मिळतात. त्या उघडून बघायचे कष्ट मात्र कोणी घेत नाही.

ठाण्याला माझ्या मावशीकडे बेडरूम ते बाथरूमच्या पॅसेजमध्ये हालचाल टिपणारा सेन्सर आहे. रात्री ती उठली की दिवा लागायचा. पण कधीकधी परतताना ती अर्ध्या वाटेवर असतानाच दिवा विझायचा आणि हात हलवला तरी लागायचा नाही. हातात काठी, वय झालेलं आणि समोर मिट्ट काळोख. घरच्यांनी सेन्सरला दोष देऊन तो बदलला, तरी फरक पडला नाही.

तिच्याकडे होम असिस्टंट आहे, 2013 साली पाउलस स्खाउत्सेन यांनी सुरू केलेली मुक्त प्रणाली. तिच्यात प्रत्येक ऑटोमेशनच्या शेवटच्या पाच फेऱ्यांचा तपशील आपोआप जपला जातो. तो उघडला आणि सगळा उलगडा झाला. नियम असा होता: हालचाल दिसली की दिवा लाव, पाच मिनिटं थांब, मग मालव. ऑटोमेशनचा मोड होता सिंगल, म्हणजे एक फेरी चालू असताना आलेली दुसरी हालचाल ते मोजतच नाही. मावशी पाचवं मिनिट संपत आलेलं असताना बाहेर यायची. सेन्सर तिला बरोबर बघायचा, पण नियम अजून पहिल्या फेरीची पाच मिनिटं मोजत असायचा. ती संपली की दिवा बंद. आणि सेन्सरची स्थिती तोवर ‘हालचाल आहे’ अशीच असल्यामुळे नव्याने काही घडलं, असं यंत्रणेला वाटायचंच नाही. मोड बदलून रीस्टार्ट केला, म्हणजे नवी हालचाल दिसली की पाच मिनिटं पहिल्यापासून मोजायची. सेन्सर, दिवा, राउटर सगळं ठणठणीत होतं. रीसेट मारून हे जन्मात सापडलं नसतं.

वेळेवर लागणाऱ्या दिव्यांची गोष्ट याहून सोपी. मुंबईत जूनअखेरीस सूर्य मावळतो सव्वासातच्या पुढे आणि नोव्हेंबरअखेरीस सहाच्या सुमारास. सातला दिवा लावायचा नियम उन्हाळ्यात केलेला असेल, तर थंडीत तासभर अंधारात बसावं लागणारच. म्हणून नियम सूर्यास्ताला बांधायचा. तसं केल्यावरही वेळ चुकत असेल तर यंत्रणेत घराचं ठिकाण कोणतं भरलंय ते बघा. नागपूरच्या घराला मुंबईचं ठिकाण दिलेलं असलं, तर दिवे साधारण पंचवीस मिनिटं उशिरा लागतील.

आदेश निघाला पण पोचला नाही, असं दिसलं तर नजर वायफायकडे वळवायची. स्वस्त स्मार्ट बल्बांपैकी बहुतेक फक्त 2.4 गिगाहर्ट्‌झवर चालतात. राउटर बदलल्यावर घरातले सगळे बल्ब एकदम मुके झाले, तर एकेक बल्ब काढून परत जोडत बसू नका. नव्या राउटरला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, बहुतेक बल्ब आपले आपण परत येतात. काही स्मार्ट दिवे वायफायऐवजी ज्या झिगबी या बिनतारी यंत्रणेवर चालतात, तीही याच 2.4 गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात बोलते, म्हणून तिचा हब राउटरला चिकटवून ठेवू नये. हॉलमधल्या सहा दिव्यांपैकी पाच लागतात आणि एखादा राहतो, ही तक्रारही नेहमीची. झिगबीत अख्ख्या गटाला दिलेल्या आदेशाची पोच प्रत्येक दिव्याकडून येत नाही. एखाद्या दिव्याला आदेश ऐकू आला नाही, तर पाठवणाऱ्याला त्याचा पत्ताच नसतो.

ही अडचण या क्षेत्राइतकीच जुनी आहे. 1975 मध्ये स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने एक्स-टेन ही पद्धत काढली. तिच्यात घरातल्या विजेच्या तारांवरूनच संदेश जायचे. सुरुवातीची उपकरणं फक्त ऐकणारी होती, दिवा खरंच लागला का हे कळवायची सोय त्यांच्यात नव्हती. अमेरिकेतल्या घरांत वीज दोन बाजूंनी येते, त्यामुळे एका बाजूचा संदेश दुसऱ्या बाजूपर्यंत पोचताना वाटेत क्षीण व्हायचा. आजही ॲपमध्ये दिवा ‘चालू’ दिसतो आणि खोलीत अंधार असतो, तेव्हा ॲप अनेकदा पाठवलेला आदेश दाखवत असतं, दिव्याची खरी स्थिती नव्हे.

आपल्याकडच्या घरांत मात्र सर्वांत मोठं कारण याहून साधं असतं. कोणीतरी भिंतीवरचं बटण बंद केलेलं असतं. स्मार्ट बल्बची वीजच तोडली तर त्याला कोणताही आदेश पोचणार नाही. झिगबीचा बल्ब असेल तर तो शेजारच्या उपकरणांचे संदेशही पुढे पोचवत असतो, त्यामुळे एक बटण दाबलं की दुसऱ्याच खोलीतला सेन्सर गप्प बसतो. अशा वेळी घरातल्या आजी-आजोबांना ‘बटणाला हात लावू नका’ असं बजावलं जातं. मला ते अजिबात पटत नाही. खोलीतून निघताना बटण बंद करायची सवय चांगली आहे, ती मोडायची गरज नाही. ज्या घरात पाहुण्याला दिवा लावण्यासाठी कोणाचा तरी फोन मागावा लागतो, तिथे यंत्रणा चुकीची बसवली आहे.

याला उपाय आहे. बल्ब साधा ठेवायचा आणि स्मार्ट मॉड्यूल बोर्डात, बटणाच्या मागे बसवायचं. मग बटण नेहमीसारखं चालतं, फोनही चालतो, आणि इंटरनेट बंद पडलं तरी दिवा लागतो. लाइट जाण्याचं प्रमाण जास्त असेल तर राउटर आणि हब दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या, आणि वीज परत आल्यावर दिव्याने काय करायचं ही सेटिंग ‘आधीच्या स्थितीत’ अशी ठेवा. नाहीतर पहाटे तीनला लाइट आली की सगळं घर लखलखतं.

अडतं ते एकाच ठिकाणी. अशा बहुतेक मॉड्यूलना न्यूट्रल वायर लागते. सॉकेट असलेल्या बोर्डात ती असते, नुसत्या बटणांच्या बोर्डात बरेचदा नसते. न्यूट्रलशिवाय चालणारी मॉड्यूल मिळतात, पण ती दिव्यातूनच थोडा प्रवाह ओढतात. त्यामुळे कमी वॅटचे एलईडी बंद असतानाही मिणमिणतात किंवा लुकलुकतात आणि दिव्याला बायपास नावाचा छोटा भाग जोडावा लागतो. भिंतीला प्लास्टर झाल्यावर न्यूट्रल ओढायची म्हणजे तोडफोड आली.

तेव्हा नवीन घराचं किंवा नूतनीकरणाचं काम चालू असेल, तर स्मार्ट दिवे आज घ्यायचे नसले तरी वायरमनला आत्ताच सांगून ठेवा: प्रत्येक बोर्डात न्यूट्रल आणायची आणि मॉड्यूल मावेल इतका खोल बॉक्स बसवायचा. भिंत बंद होण्याआधी स्वतः उभं राहून ते तपासून घ्या.