दिल्लीचाच हट्ट कशासाठी?

आंतरराष्ट्रीय संबंध शिकायचे तर दिल्लीच गाठायला हवी, हा समज पनवेलच्या विद्यार्थ्यांत आम्हा प्राध्यापकांनीच रुजवला. १९५५ साली दिल्लीत सुरू झालेली आणि १९७० मध्ये जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झालेली या विषयाची अध्ययनसंस्था मोठी आहे, याबद्दल वाद नाही. आमचा वाद आहे तो केवळ नाव पाहून अर्ज भरण्याच्या वृत्तीशी. तिथे कोणती परकीय भाषा शिकता येते, ग्रंथालय कसे आहे, अध्यापकांनी स्वतः काय लिहिले आहे, हे कुणी विचारतो का? खाजगी विद्यापीठांच्या गुळगुळीत माहितीपत्रकांत ही उत्तरे क्वचितच सापडतात. तरीही पालक तिथे लाखो रुपये मोजतात. मुंबई विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग किंवा पुणे विद्यापीठाचा संरक्षण व सामरिकशास्त्र विभाग मात्र यादीत तळाशी, 'नाईलाज' म्हणून!

पनवेलला जग परके नाही. जवळच्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके १८८३ मध्ये एडनच्या कैदेत निवर्तले. साम्राज्याचा नकाशा त्या एका मृत्यूतूनही वाचता येतो. न्हावा शेवा बंदर १९८९ पासून शेजारीच आहे. हे सारे वाचायला शिकवील ते महाविद्यालय चांगले, मग ते दिल्लीत असो वा कलिन्यात.