शाश्वत विकासाचा अभ्यास आणि मराठवाड्याचे पाणी

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग आज सरकारी परिपत्रकांत, कारखानदारांच्या अहवालांत आणि विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत सारख्याच सहजतेने वावरतो. जो शब्द सर्वांनाच सोयीचा वाटू लागतो, त्याचा आशय तपासून घेणे समाजवाद्यांना भाग असते. १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने या संकल्पनेची व्याख्या केली, तेव्हा भावी पिढ्यांच्या गरजांबरोबरच जगातील गरिबांच्या मूलभूत गरजांना सर्वोच्च अग्रक्रम दिला होता. पुढच्या पिढीची चिंता वाहताना व्याख्येतील हा गरीब मात्र मागे पडतो.

या विषयाच्या पदव्युत्तर अभ्यासाला छत्रपती संभाजीनगराइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. येथे १९५८ साली स्थापन झालेले विद्यापीठ आहे. १९८० पासून जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे ‘वाल्मी’, आहे. आणि जवळच पैठणला जायकवाडीचे धरण आहे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे १०२ अब्ज घनफूट. परंतु वरच्या धरणांतून पाणी खाली येणार की नाही, हा तंटा दर तुटीच्या वर्षी उभा राहतो. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्याने खोऱ्यातील समन्यायी वाटपाचे तत्त्व मान्य केले; २०१६ साली उच्च न्यायालयानेही ते उचलून धरले. अर्थशास्त्र, कायदा आणि जलविज्ञान येथे एकाच प्रश्नात गुंतलेले आहेत.

हा अभ्यास प्रामाणिक असेल, तर तो आपल्यालाही अडचणीत आणील. नाशिक-नगरकडे न्याय मागणारा मराठवाडा आपल्या हद्दीत पाणी कोणाला देतो? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच जिल्ह्यात साखर कारखाने उभे आहेत आणि ऊस पिकतो आहे. तेव्हा टंचाईचा दोष केवळ पावसावर टाकून भागणार नाही. कोणत्या पिकाला, कोणत्या वर्गाला पाणी मिळते, हे मोजावेच लागेल.

दुसरी वाट अस्तित्वात नव्हती असेही नाही. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथे पाण्याचा वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरता कुटुंबातील माणसांवर ठरला, भूमिहीनांचाही हक्क मानला गेला आणि उसाला मनाई झाली.

हे सारे राजकारण झाले, शास्त्र नव्हे, असा आक्षेप काही प्राध्यापक घेतील. ज्यांचे नाव या विद्यापीठाने १९९४ साली धारण केले, त्या डॉ. आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतधारणांवर निबंध लिहिला. दुखण्याचे मूळ त्यांनी केवळ तुकड्यांच्या आकारात न शोधता भांडवलाच्या तुटवड्यात आणि शेतीवर पडलेल्या माणसांच्या भारात शोधले, आणि उपाय म्हणून औद्योगिकीकरण सुचविले. १९७१ साली दांडेकर व रथ यांनी दारिद्र्याचे मोजमाप देशासमोर ठेवले. यांपैकी कोणाचेही काम राजकारणाला स्पर्श केल्यामुळे कमी शास्त्रीय ठरले नाही.

प्रश्न उरतो तो हा अभ्यास करणार कोण, हा. भरमसाट शुल्काचे आणि केवळ इंग्रजीतून चालणारे अभ्यासक्रम कोरडवाहू शेतकऱ्याच्या व ऊसतोड मजुराच्या मुलांना दाराबाहेरच ठेवतात. म्हणून आपली मागणी स्पष्ट असावी: अल्प शुल्क, निर्वाहापुरती शिष्यवृत्ती आणि मराठीतून प्रबंध लिहिण्याची मुभा. प्रत्येक विद्यार्थ्याने एका गावाचा पाण्याचा ताळेबंद मांडावा आणि तो परीक्षकांप्रमाणेच ग्रामसभेपुढेही वाचावा.

कार्यकर्त्यांनीही यात हात दिला पाहिजे. कालव्याच्या पाळ्या व बिगरसिंचन वापराच्या नोंदी माहिती अधिकारात मिळवून या मुलांच्या हाती द्याव्यात. पाण्याच्या वाटपाचा हिशेब जनतेला वाचता येऊ लागला, तर उद्याच्या मोर्चातील मागणीला आकड्यांचा आधार मिळेल.