टुंग, टिंग आणि काकांचा यूपीएस

शनिवार सकाळ. बाहेर धो धो पाऊस आणि घरात एकही यंत्र टुंग करत नाहीये. म्हणूनच लिहायला सुचतंय.

तर झालं असं. २०२० मध्ये इतरांसारखाच मीही पुण्याचं बिऱ्हाड गुंडाळून रत्नागिरीला परत आलो आणि इथेच राहिलो. घरून काम म्हणजे दर अर्ध्या तासाला आईची हाक. शेवटी मारुती मंदिराजवळ एका टॅक्स कन्सल्टंट काकांच्या ऑफिसात टेबल भाड्याने घेतलं. माझ्यासारखे आणखी दोघं. चार माणसं, एक खोली, आणि चौघांची नोटिफिकेशन्स.

एकाला मेल आलं की टिंग. दुसऱ्याचं टीम्स टुडुंग करायचं आणि आपलंच समजून तीन माना वर. काकांनी एक्सेलमध्ये चुकीची कळ दाबली की विंडोज त्यांच्यावर खेकसायचं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे काकांचा यूपीएस. पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाणं ही काही बातमी नाही. पंखे-दिवे इन्व्हर्टरवर चालू राहायचे, पण काकांचा जुना डेस्कटॉप यूपीएसवर, आणि तो लाईट येईपर्यंत पीं... पीं...

एके दिवशी डोकं फिरलं. काका जेवायला घरी गेले होते. त्यांच्या मशीनवर कंट्रोल पॅनल उघडलं, साउंडमध्ये जाऊन साउंड स्कीम 'नो साउंड्स' केली. (यानं फक्त विंडोजचे आवाज बंद होतात बरं का. टीम्स वगैरेंचे प्रत्येकाच्या सेटिंग्जमध्ये जाऊन वेगळे बंद करावे लागतात.) आणि इंजिनिअरिंगची डिग्री आहेच, तर यूपीएस उघडून आतला बझरच काढून टाकला. हे तुम्ही करू नका. आत शॉक बसण्याइतकं बरंच काही असतं. शिवाय पुढे वाचा.

दोन आठवडे स्वर्ग! मग उजाडली २० तारीख, म्हणजे जीएसटी रिटर्नचा शेवटचा दिवस. दुपारी लाईट गेली. पंखे चालू, दिवे चालू, आमचे लॅपटॉप बॅटरीवर. कुणाला पत्ताच नाही. थोड्या वेळाने काकांचा स्क्रीन काळा झाला. सकाळपासून जुळवत आणलेली एका दुकानदाराची बिलं गेली.

मी कबूल केलं. काका चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "अरे, तो ओरडला की मी सेव्ह करतो रे. वीस वर्षांची सवय आहे."

रात्री साडेनऊपर्यंत मी त्यांच्याशेजारी बसून बिलं वाचून दाखवत होतो. तेव्हा डोक्यात एक गोष्ट नीट बसली.

आपल्या कम्प्युटरमध्ये एक घंटा पहिल्यापासून आहे. १९६३ च्या आस्की कोडमध्ये सातवा क्रमांक 'बेल'चा. टेलिप्रिंटरवर हा कोड आला की पलीकडच्या यंत्रात खरोखरची घंटा वाजायची, कारण ऑपरेटर दूर असेल, त्याला बोलवायचं असायचं. म्हणजे घंटा होती जागेवर नसलेल्या माणसासाठी. आज ती स्क्रीनसमोर बसलेल्यासाठी वाजते, जो संदेश डोळ्यांनी बघतोच आहे. आणि ऐकतात बाकीचे तिघे. त्यापेक्षा एसटीचा कंडक्टर शहाणा. एक घंटी थांबा, दोन घंट्या चला. प्रवाशांना त्रास नाही, ड्रायव्हरला शंका नाही.

सगळंच वाजायला लागलं की खरी घंटाही ऐकू येईनाशी होते. हॉस्पिटलमधल्या मॉनिटरांबाबत याला अलार्म फटीग म्हणतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने २०१३ मध्ये यावर हॉस्पिटलांना धोक्याचा इशारा दिला होता. आमच्या खोलीत तेच झालं होतं. पन्नास फालतू टुंगांच्या रागात मी एकुलता एक कामाचा आवाज मारला.

म्हणून माझं मत सरळ आहे. आवाज डिफॉल्ट बंदच असावा. अ‍ॅप कॅमेऱ्यासाठी परवानगी मागतं, मग चौघांच्या कानात शिरायला का नाही? वाजावं फक्त तेच, ज्यासाठी कुणीतरी आत्ता उठून काहीतरी करायला हवं. बाकी ज्याचं त्याच्या हेडफोनमध्ये. आणि दुसऱ्याच्या यंत्राचा आवाज त्याला विचारल्याशिवाय बंद करायचा नाही.

हे लिहिताना थोडी लाजही वाटतेय. गेल्या वर्षी आमच्याच एका प्रॉडक्टमध्ये नवीन मेसेजचा आवाज डिफॉल्ट चालू ठेवणारा मीच. 'युझर परत येतो' म्हणून. तो किती खोल्यांत वाजत असेल, कोण जाणे. सोमवारी पहिला बदल तोच करून पाठवणार आहे. मॅनेजरला काय सांगायचं ते बघू.

असो. काकांना नवा यूपीएस मीच आणून दिला. परवा लाईट गेली, तो पीं करून ओरडला आणि काकांनी माझ्याकडे बघत कंट्रोल-एस दाबलं. :)