'जसं आहे तसं' विकायचं, तर जसं आहे ते सांगा

जुना माल विकणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं असतं : "बघून घ्या भाऊ, जसं आहे तसं आहे. नंतर तक्रार चालायची नाही." मोबाईल असो, मोटारसायकल असो, हार्मोनियम असो, हे वाक्य एकदा टाकलं की विकणारा मोकळा झाला, असं आपण सगळेच धरून चालतो. माझं म्हणणं आहे की तो मोकळा होत नाही. ऐब माहीत असताना गप्प राहून घेतलेला पैसा कायद्यात बसला तरी स्वच्छ नसतो. आणि ज्या समाजात हलाल-हराम हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला जातो, त्या समाजाने तरी हे मोठ्याने म्हणायला हवं.

उदाहरण मुद्दाम जरा वेगळं घेतो : गिटारचा जुना, व्हॉल्व्हवर चालणारा अँप्लिफायर. बैलबाजारात बैल घेताना माणूस दात बघतो, खूर बघतो, चार पावलं चालवून बघतो. या पेटीला दात नाहीत. वरून चकचकीत, आत काय आहे ते फक्त विकणाऱ्याला ठाऊक. म्हणून दियानतीची परीक्षा घ्यायला ही वस्तू चांगली.

अमेरिकेतल्या फेंडर कंपनीने १९६३ साली 'ट्विन रिव्हर्ब' नावाचा अँप्लिफायर काढला. ८५ वॅट, बारा इंची दोन स्पीकर, आवाज वाढवणारे चार जाड व्हॉल्व्ह. त्याच्या आवाजावर जगभरचे गिटारवादक लुब्ध झाले. पुढे १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने १९६५ सालचं मॉडेल पुन्हा बाजारात आणलं. रूप तेच, सर्किटचा आराखडा तोच. पण मूळ पेटीत हाताने जोडलेल्या तारा होत्या, नव्यात छापील सर्किट बोर्ड आला. याला 'रीइश्यू' म्हणतात. कंपनी ते उघडपणे सांगते, त्यात लबाडी काही नाही. लबाडी सुरू होते ती पेटी दुसऱ्या-तिसऱ्या हाताला जाते तेव्हा.

समजा, परभणीचा एखादा मुलगा लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. दोन-तीन हंगामांची कमाई साठवून तो पुण्या-मुंबईच्या कुणाकडून अशी पेटी घेतो. त्याच्यापासून तीन गोष्टी लपवता येतात.

पहिली गोष्ट वयाची. जाहिरातीत लिहिलेलं असतं, "व्हिंटेज, ६५चा ट्विन." ६५ हा आकडा रीइश्यूच्या नावातच आहे, तो बनावटीचा सन नव्हे. विकणारा आकडा खरा सांगतो आणि अर्थ खोटा पोचवतो. उलटीही लबाडी असते : "रीइश्यू आहे, म्हणजे नवाच की!" सुरुवातीच्या रीइश्यूंनाही आता तीस वर्षं उलटली. त्यांच्यातले वीज साठवणारे कपॅसिटर एव्हाना सुकलेले असू शकतात. व्हॉल्व्ह तर बल्बसारखे झिजतातच. कधीकाळी बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवायची. आज ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये बनतात. चार व्हॉल्व्हचा जुळवलेला संच घ्यायचा म्हणजे पेटीच्या किमतीवर आणखी एक किंमत.

दुसरी गोष्ट व्होल्टची. अमेरिकेच्या बाजारासाठी बनलेली पेटी १२० व्होल्टची असते, आपल्या भिंतीत येतात २३०. मध्ये ट्रान्सफॉर्मर न लावता ती थेट जोडली तर फ्यूज उडतो. आधीच्या मालकाने उडालेल्या फ्यूजवर तार गुंडाळली असेल, तर फ्यूजऐवजी आतला ट्रान्सफॉर्मर जळतो.

तिसरी गोष्ट अर्थिंगची. कुणीतरी तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन तोडलेली असते, कारण मंडपातल्या बोर्डात ती बसत नव्हती. पेटीत ४०० व्होल्टच्या वर वीज खेळत असते. वाजवणाऱ्याची बोटं लोखंडी तारांवर असतात आणि ओठ माइकला टेकलेले. पेटीत बिघाड झाला आणि अर्थिंग नसलं, तर तो झटका त्या पोराच्या शरीरातून जातो. इथे प्रश्न पाच-दहा हजारांचा राहत नाही, जिवाचा होतो.

यावर पहिलं उत्तर ठरलेलं : "घेणाऱ्याने बघून घ्यावं." कायदाही अर्धवट हेच म्हणतो. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम १७ सांगतं की दोष झाकण्यासाठी काही केलं तर ती फसवणूक. नुसतं गप्प राहणं साधारणपणे फसवणूक नव्हे. तिथे उदाहरण घोड्याचं आहे. लिलावात सदोष घोडा विकला आणि मालक काही बोलला नाही, तर फसवणूक नाही. पण पुढचं उदाहरण आपल्या कामाचं आहे. घेणारा म्हणाला, "तुम्ही नाकारलं नाही, तर घोडा निर्दोष आहे असं मी समजेन," आणि मालक तरीही गप्प राहिला, तर ते गप्प राहणं बोलण्याइतकंच धरलं जातं. म्हणजे घेणाऱ्याने योग्य प्रश्न विचारला की कायद्यातही मौनाची ढाल पडते.

दुसरं उत्तर आपल्यातलेच जाणकार देतात : "हनफी फिकहात सर्व ऐबांपासून बरी असल्याची अट घालून विकता येतं." बरोबर आहे, अशी विक्री वैध धरली आहे. पण सौदा वैध असणं वेगळं आणि माहीत असलेला ऐब दडवणं गुनाह नसणं वेगळं. ती अट अज्ञात दोषांच्या भांडणातून सुटण्यासाठी आहे, ज्ञात दोषावर पांघरूण घालण्यासाठी नाही. बाजारातल्या धान्याच्या ढिगात पैगंबर साहेबांनी हात घातला, तेव्हा आतलं धान्य ओलं लागलं. पावसाने भिजलं, असं व्यापारी म्हणाला. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्याला विचारलं गेलं. आणि फसवणारा आमच्यातला नाही, असं बजावलं गेलं. सहीह मुस्लिममधली ही हदीस आपल्याकडे बहुतेकांनी वाज़मध्ये ऐकलेली आहे. त्या ढिगालाही हात घालून बघता येत होतंच. तरी "बघून घ्यायचं होतं" असं घेणाऱ्याला कुणी म्हटलं नाही.

ज्यांच्या फिकहचा हवाला दिला जातो, ते इमाम अबू हनीफा स्वतः कूफ्यात कापडाचे व्यापारी. त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं की सदोष कापडाचा ऐब सांगून मगच ते विक, असं त्यांनी भागीदाराला बजावलं होतं. भागीदार सांगायला विसरला आणि गिऱ्हाईक पुन्हा सापडलं नाही. इमाम साहेबांनी त्या कापडाची सगळी रक्कम सदका केली. अटींचा आधार त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता.

तिसरं उत्तर सगळ्यात चमत्कारिक : "वाजवायच्या वस्तूत कसला हलाल-हराम काढता? ती वस्तूच मुळात वादाची." दर फेब्रुवारीत परभणीत हजरत तुराबुल हक यांचा उरूस भरतो. कव्वालीला काही जण जातात, काही जण जात नाहीत. तो वाद जुना आहे, तो इथे सोडवायचा नाही. पण वाद्य नाजायज मानणाऱ्याला मी एवढंच विचारतो : मग ते फसवून विकणं जायज झालं का? आणि जायज मानणाऱ्याची तर जबाबदारी दुप्पट. वाद्यावर आपण तासन्‌तास बोलतो आणि व्यवहारावर दोन मिनिटंही नाही, हे आपलं खरं दुखणं आहे. वस्तूचा फतवा सगळे विचारतात, सौद्याचा कुणी विचारत नाही.

म्हणून घेणाऱ्या पोरांनो, व्हॉट्सॲपवर लेखी विचारा. कोणत्या सालची बनावट? मागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलेत, फोटो पाठवा. व्हॉल्व्ह, कपॅसिटर, फ्यूज, प्लग यांत काय बदललं? आणि शेवटी लिहा : "याशिवाय काही दोष असेल तर सांगा, नाही सांगितलं तर नाही असं समजतो." घेतल्यावर पेटी स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही आत वीज साठून राहते. व्हॉल्व्हचं काम केलेल्या मेकॅनिककडे न्या आणि त्याची मजुरी किमतीत आधीच धरा.

विकणाऱ्या भावांनो, तुमच्यासाठी यादी लहान आहे. ओलं धान्य वर ठेवा. ऐब सांगितला की किंमत उतरते, हे खरं. पण जेवढी उतरते, तेवढी रक्कम तुमची नव्हतीच.