फायझेरमची नोंद कोणत्या खात्यांत?

पावसाची झड लागली कीं गवतावर व भाजीपाल्याच्या जमिनीलगतच्या पानांवर मोहरीहूनहि बारीक असे राखी दाणे एका रात्रींत दाटून येतात. शेतकरी बंधु "बुरशी आली" म्हणतात व मोरचूद-चुन्याचें बोर्डो मिश्रण कालवूं लागतात. हा खर्च व्यर्थ आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

हे दाणे बहुधा फायझेरम नामक प्रजातीचे असतात. पर्सून या शास्त्रज्ञानें १७९४ सालीं ही प्रजाति बुरशींत दाखल केली. दाण्यांतून बीजुकांची धूळ उडते. तेव्हां त्यांत नवल नाहीं. परंतु १८५९ सालीं आंतोन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानें या वर्गास 'बुरशी-प्राणी' अशा अर्थाचें नांव दिलें. कारण बीजुकांतून बुरशीचे तंतु न निघतां अमीबासारखे चालते जीव निघतात. त्यांतील दोन जुळले कीं त्यांचा ओला लगदा वाढत जातो, सरकतो आणि कुजक्या पाल्यांतील जंतु गिळतो. खरी बुरशी अन्न शोषून घेते, गिळीत नाहीं. आज फायझेरमची गणना अमीबांच्या शाखेंत होते.

मौज अशी कीं, नांवें ठेवण्याचे नियम मात्र अद्याप शैवाल, बुरशी व वनस्पति यांच्या संहितेचेच लागू आहेत. जमीन दुसऱ्या गांवीं गेली, दप्तर जुन्याच चावडींत! महसुली दप्तरांत उमेद घालविलेल्या आम्हांस याचें आश्चर्य वाटत नाहीं. शिवाय दाण्यांतील तंतुजाळ्याच्या गांठींत चुन्याचे कण, ही या प्रजातीची जुनी खूण. पण अलीकडील आनुवंशिक तपासणींत तिच्या सर्व जाति एका कुळाच्या ठरत नाहींत. म्हणजे आणखी फेरफार होणार.

कोबीच्या मुळांस गांठी आणणारा प्लाझ्मोडिओफोरा हाहि पूर्वीं याच वर्गांत धरीत. वोरोनिन या रशियन शास्त्रज्ञानें १८७८ सालीं त्याचें वर्णन केलें. तो मुळांत शिरून पीक बुडवितो, आणि आज त्याची शाखाच निराळी मानतात. निरुपद्रवी व घातकी यांस एका रकान्यांत बसविलें म्हणजे शेतकऱ्यानें कोणास भ्यावें? रोगांच्या कोष्टकांतून फायझेरम काढून टाकावा, अशी आमची मागणी आहे.

तो पानांतून रस घेत नाहीं, केवळ बसावयास जागा घेतो. पान अगदींच झांकलें गेलें व त्यास ऊन मिळेनासें झालें, तर दाणे पाण्यानें धुवून टाकावे किंवा केरसुणीनें झाडावे. उघाड पडली कीं उरलेले आपोआप वाळून उडून जातात.