पिशवी सापडली, माणूस सापडला का?

गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून वर्ध्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ आणि अमरावती, अलीकडे नागपूर, सगळीकडे दुकाने उघडी. बंदी ठेवावी की उठवावी, हा वाद आज बाजूला ठेवतो. चंद्रपूरने ती २०१५ मध्ये लावली, २०२१ मध्ये काढली, तेव्हा त्यावर पुष्कळ बोलून झाले. माझा प्रश्न पकडल्या जाणाऱ्या माणसाचा आहे.

समजा, कळंबहून देवळीकडे येणारी एसटी नाक्यावर थांबवली. सीटखालच्या पिशवीत देशीचे पव्वे निघाले. वर बसलेला पोरगा म्हणतो, "माझी नाही जी, साहेब." गुन्हा झाला का? इंग्रजी फौजदारी कायद्याचे जुने उत्तर असे, की कृत्य आणि त्यामागचे मन, दोन्ही दोषी हवे. पिशवी पायाशी असणे हा अर्धाच भाग झाला.

हे तत्त्व घासून पाहिले गेले तेही दारूवरच. शेरास नावाच्या लंडनच्या गुत्तेवाल्याने ड्यूटीवरच्या पोलीस शिपायाला दारू दिली, आणि ते बेकायदा होते. पण तिथले शिपाई ड्यूटीवर असताना बाहीवर पट्टी बांधत, आणि या पठ्ठ्याने ती काढून ठेवली होती. गुत्ता पोलीस ठाण्यासमोरच, त्यामुळे गिऱ्हाइकांत पोलीस नेहमीचे! कलमात 'जाणूनबुजून' असा शब्दही नव्हता. तरी १८९५ मध्ये न्यायालयाने शिक्षा रद्द केली. माहीत असण्याची अट लिहिलेली नसली, तरी ती आहे असेच सहसा धरायचे, हे त्यामागचे सूत्र.

आपला १९४९ चा दारूबंदी कायदा याच्या उलट चालतो. कलम १०३ सांगते: मद्य किंवा ते गाळण्याची भांडी ज्याच्या ताब्यात सापडली आणि ज्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, त्याने गुन्हा केला असे गृहीत धरा, केला नाही, हे त्याने दाखवावे. पिण्याच्या आरोपात मात्र सुरुवातीला वेगळे झाले. मुंबईत १९५१ मध्ये बेहराम पेसीकाका यांच्या जीपची तिघांना धडक बसली, तोंडाला दारूचा वास आला. औषधी टॉनिक घेतले होते, असे त्यांचे म्हणणे. बंदी असलेलीच दारू प्याले, हे सरकार पक्षाने सिद्ध करावे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. पुढे कायदेमंडळाने कलम ६६ दुरुस्त केले आणि रक्तात ठरावीक प्रमाणात अल्कोहोल निघाले, की टॉनिकचा पुरावा देण्याचे ओझे पुन्हा आरोपीवर टाकले.

या गृहीतकावर माझा सरसकट आक्षेप नाही. चोरट्या धंद्यात पावत्या नसतात. पण गृहीतक सुरू होते ते ताबा सिद्ध झाल्यावर, आणि ताबा पोलिसांनीच सिद्ध करायचा असतो. पायाशी वस्तू असणे म्हणजे ताबा नव्हे. ती तिथे आहे, हे माणसाला ठाऊक हवे. तिकीट कुठून कुठपर्यंतचे, पिशवी चढवताना कंडक्टरने कुणाला पाहिले, उतरल्यावर ती कोण घेणार होते, हे पंचनाम्यात यायला हवे. आपल्याकडे बाटल्या, मिली आणि किंमत काटेकोर लिहिली जाते, आणि पोराला काय माहीत होते, याची मात्र एक ओळ नसते. मग पंच फितूर झाला की केसही गेली. पंच टिकला, तर ज्याला वकील परवडत नाही तोच खुलासा देण्यात कमी पडतो.

माल पाठवणाऱ्याच्या ताब्यात तर काहीच नसते. तो नदीपलीकडे गल्ल्यावर बसलेला. मदत आणि कट यांनाही या कायद्यात शिक्षा आहे, पण ती त्याला लावायची तर त्याला काय माहीत होते, हे आधी शोधावे लागेल. फोन तपासा, पैसा कुणाकडे गेला ते पाहा, चार जबाब जास्त घ्या. यातले काहीच हातभट्ट्यांवरच्या पोलिसांच्या 'वॉश आऊट' मोहिमेच्या आकड्यांत दिसत नाही. तिथे ओतून दिलेला सडवा मोजतात.