शेजाऱ्यांच्या भांडणात तीन रसायनं

ज्यांच्या घरात सॅमसंगचा फोन आहे, त्या वाचक भगिनी-बंधूंनी हे जरूर वाचावं. दक्षिण कोरिया मेमरी चिप बनवतो, पण त्यासाठी लागणारी काही खास रसायनं जपानमधून येतात. आणि या दोन शेजाऱ्यांचं जुनं दुखणं आहे.

1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता. युद्धकाळात कोरियन मजुरांना जपानी कारखान्यांत जबरदस्तीने राबवलं गेलं. ऑक्टोबर 2018 मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका जपानी पोलाद कंपनीला अशा चार मजुरांना प्रत्येकी 10 कोटी वॉन भरपाई द्यायला सांगितलं. निकाल लागला तेव्हा चौघांतला एकच हयात होता. जपान म्हणाला, हा हिशोब 1965 च्या करारातच मिटलाय.

जुलै 2019 मध्ये जपानने हायड्रोजन फ्लोराइड, फोटोरेझिस्ट आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड यांच्या कोरियाला होणाऱ्या निर्यातीवर परवान्याची अट घातली. कारण सांगितलं राष्ट्रीय सुरक्षेचं. निकालाशी संबंध नाही म्हणे! कोरियात हे फारसं कुणाला पटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

चिप बनवताना सिलिकॉनच्या चकतीवर फोटोरेझिस्टचा थर देतात. मेंदीच्या छापासारखी त्यावर प्रकाशाने नक्षी उमटवतात. नको तो भाग कोरायला आणि चकती धुवायला अतिशुद्ध हायड्रोजन फ्लोराइड लागतं. ते फार दिवस साठवूनही ठेवता येत नाही. म्हणूनच सॅमसंगचे प्रमुख काही दिवसांतच टोकियोला धावले.

इकडे कोरियन गिऱ्हाइकांनी जपानी बिअर आणि कपडे घेणं सोडलं. ऑगस्टमध्ये सरकारने जपानशी असलेला लष्करी गुप्त माहितीचा करार मोडण्याची नोटीस दिली, ती नोव्हेंबरमध्ये अगदी शेवटच्या घटकेला थांबवली. उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं दोघांच्याही डोक्यावर, आणि सुरक्षेच्या नावाखाली सुरू झालेलं भांडण सुरक्षेवरच उलटत होतं.

कारखाने मात्र बंद पडले नाहीत. कोरियन कंपन्या स्वतःच हायड्रोजन फ्लोराइड शुद्ध करू लागल्या, अमेरिकेच्या ड्यूपाँटने कोरियात फोटोरेझिस्ट बनवायचं ठरवलं. जपानी उत्पादकांचं हातचं गिऱ्हाईक गेलं.

मार्च 2023 मध्ये जपानने निर्बंध उठवले. त्याच महिन्यात कोरियन सरकारने मजुरांची भरपाई आपल्याच देशातल्या निधीतून द्यायचं जाहीर केलं होतं. हयात असलेल्या म्हाताऱ्यांनी तेव्हा ते पैसे नाकारले. त्यांना ते जपानी कंपनीकडून हवे होते, आणि सोबत माफीही.